जुन्या पोलो जीटीसाठी वॅक्स निवडताना: एक डबा, एक बाटली, एक फवारा

गेल्या वर्षी मार्च महिन्यात मी २०१४ सालची, लाल रंगाची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय विकत घेतली. इंजिन आणि गिअरबॉक्स तपासून घेण्यात मी जेवढी चिकाटी दाखवली तेवढी तिच्या रंगाच्या बाबतीत दाखवली नाही, आणि पुढचे दोन महिने त्याची भरपाई करण्यात गेले. प्रस्तुत परीक्षण त्यानंतर, म्हणजे पावसाळा तोंडावर आला असताना, तिच्यावर लावलेल्या तीन वॅक्सचे आहे. ती तीन म्हणजे फॉर्म्युला १ कंपनीचा कार्नोबा वॅक्सचा डबा, कॉलिनाइट ८४५ ही द्रव वॅक्सची बाटली आणि टर्टल वॅक्सच्या हायब्रिड सोल्युशन्स मालिकेतला सिरॅमिक स्प्रे. मात्र ही तिन्ही कशावर लावली हे आधी सांगितल्याशिवाय त्यांच्याविषयी काहीही बोलण्यात अर्थ नाही, कारण वापरलेल्या गाडीवर एकच रंग असतो हे गृहीतकच मुळात चुकीचे आहे, आणि माझी वॅक्सची निवड त्याच कारणाने दोनदा बदलली.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जीटी टीएसआय २०१३ साली आली. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या लहानशा हॅचबॅकमध्ये १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस शक्ती, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि सात गिअरचा डीएसजी हा स्वयंचलित गिअरबॉक्स होता. आज हे आकडे वाचून कोणी नाक मुरडेल, पण दहा लाखांच्या आत एवढी चपळ स्वयंचलित गाडी त्या वेळी दुसरी सहज मिळत नव्हती, आणि म्हणूनच या गाड्या बहुतेक करून हौशी तरुणांच्या हातात गेल्या. २०२० मध्ये या इंजिनाची जागा एक लिटरच्या इंजिनाने घेतली आणि २०२२ मध्ये आपल्याकडची पोलोच बंद झाली, त्यामुळे आता ज्याला ही गाडी हवी आहे त्याला दुसऱ्याच्या हौशीच्या खुणांसकट ती घ्यावी लागते. माझ्या गाडीवरच्या खुणा अशा होत्या: बॉनेटच्या पुढच्या काठावर एक्स्प्रेस वेवरच्या बारीक खड्यांचे टवके, पुढच्या चाकांवर ब्रेकच्या भुकटीचा तपकिरी थर, पिवळसर पडलेले हेडलाइट, आणि डाव्या बाजूच्या दारांखालून कधीकाळी ओढलेल्या स्टिकरच्या पट्ट्याची पुसट कडा.

स्टिकरच्या त्या कडेनेच पहिला धागा हाती दिला. पुढच्या दारावर ती कडा तिरक्या उजेडात स्पष्ट दिसत होती आणि मागच्या दाराशी येऊन एकाएकी थांबत होती. पट्टा अर्ध्या दारापर्यंत कोणी लावत नाही. याचा अर्थ मागचे दार पट्टा काढल्यानंतर केव्हातरी पुन्हा रंगवलेले होते. विक्रेत्याने याविषयी अवाक्षर काढले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

उरलेल्या गाडीवर उन्हात पाहिले असता सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक वर्तुळाकार रेषा दिसत. या रेषा कशाने येतात हे आमच्या सोसायटीत रोज सकाळी सहा वाजता पाहायला मिळते. एक बादली, एक फडके आणि वीस गाड्या. पहिल्या गाडीची धूळ त्या फडक्यावर बसून विसाव्या गाडीच्या बॉनेटवर घासली जाते, आणि हे वर्षानुवर्षे चालते. गाडी पुसणाऱ्या माणसाला दोष देण्यात हशील नाही, कारण आपण त्याला महिन्याचे जे पैसे देतो त्यात हेच बसते. मी गाडी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला सांगितले की काचा तेवढ्या पुसा, पत्र्याला हात लावू नका. पैसे तेवढेच देईन म्हटल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेले नाही.

घराजवळच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये चौकशी केली तेव्हा तिथल्या मिस्त्रींनी बॉनेटवरून बोट फिरवून लगेच निदान केले, "ताई, रबिंग मारून देतो, आरशासारखी होईल." होईलही, पण किती दिवस, आणि कशाच्या मोबदल्यात, हा प्रश्न आहे. कारखान्यातून आलेल्या आधुनिक गाडीवर प्राइमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर, ज्याला सगळे क्लिअर म्हणतात, असे सगळे मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉनचे आवरण असते, आणि त्यातला क्लिअरचा वाटा ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास. डोक्याचा एक केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीला उन्हापासून वाचवणारा हा थर एका केसाहूनही पातळ आहे. रबिंगमध्ये रेषा भरल्या जात नाहीत. रेषेच्या तळापर्यंत सभोवतालचा थर खरवडून काढला जातो. एकदा केल्याने बिघडत नाही, पण दर दिवाळीला गाडी रबिंगला देणाऱ्या मालकाने हा थर कितीसा शिल्लक ठेवला असेल, हे डोळ्यांना कळत नाही.

ते कळावे म्हणून मी एका मित्राकडून रंगाची जाडी मोजणारे यंत्र दोन दिवसांसाठी आणले. पत्र्यावर टेकवले की आकडा दाखवणारे हे छोटे उपकरण प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही, पण बाकी सगळीकडे ते फार प्रामाणिक साक्षीदार ठरले. बॉनेट आणि छपरावर १०५ ते १२० असे आकडे आले, म्हणजे मूळ रंग शाबूत. डावे मागचे दार २४० च्या पुढे, म्हणजे मूळ रंगावर दुसरा रंग. आणि उजव्या पुढच्या फेंडरच्या चाकाकडच्या कडेला केवळ ८२. तिथे कोणीतरी पूर्वीच मन लावून रबिंग केलेले होते. वापरलेली गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने व्यवहारापूर्वी हे यंत्र एकदा फिरवावे असे मी आता आग्रहाने सांगते, कारण मी ते व्यवहारानंतर फिरवले.

धुण्याचे काम मी दोन बादल्यांच्या पद्धतीने केले, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत हातमोजा विसळण्यासाठी साधे पाणी, आणि त्यात लिहिण्यासारखे फारसे नाही. धुतल्यानंतरची पायरी मात्र मला अनपेक्षित होती. हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून धुतलेल्या, डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या डिकीवरून तळवा फिरवला, तर बारीक पॉलिश पेपरवरून हात फिरवावा तशी खरखर ऐकू आली. उघड्या बोटांना ती जाणवत नाही. पिशवी घातली की त्वचेची पकड जाते आणि खडबडीतपणा तेवढा उरतो. ही खरखर पत्र्यात रुतून बसलेल्या लोखंडी कणांची, डांबराच्या ठिपक्यांची आणि झाडांच्या चिकाची असते. आयर्न रिमूव्हर नावाचे द्रावण फवारले तेव्हा दोन-तीन मिनिटांत डिकीवर आणि चाकांवर जांभळे ओघळ सुटले आणि कुजलेल्या अंड्यांसारखा वास सोसायटीच्या पार्किंगभर पसरला. लोखंडाशी संयोग होताच रंग बदलावा अशीच त्या द्रावणाची घडण असते, त्यामुळे ओघळ पाहून घाबरण्याचे कारण नाही. वासाबद्दल मात्र शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी. उरलेली खरखर क्ले बारने काढली. ही मऊ मातीसारखी वडी भरपूर साबणपाण्यावरून हलक्या हाताने फिरवायची असते आणि जमिनीवर पडली तर मुकाट्याने फेकून द्यायची असते. माझी एक वडी पडली, आणि तिच्यात रुतलेले खडे पाहून ती उचलून धुवावी हा विचार मी सोडून दिला.

पॉलिशिंगसाठी मी मेग्वायर्सचे अल्टिमेट कंपाउंड, म्हणजे बारीक घासणारे मलम, आणि डीए, म्हणजे ड्युअल अॅक्शन, पॉलिशर वापरला. गॅरेजमधला रोटरी बफर एकाच अक्षावर गरगर फिरतो आणि नवख्या हातात कडेचा रंग जाळू शकतो. डीए यंत्राची चकती फिरता फिरता डुलते, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही आणि माझ्यासारखीच्या हातूनही मोठा अनर्थ होत नाही. आधी बॉनेटच्या एका कोपऱ्यात, वहीच्या पानाएवढ्या चौकोनात, करून पाहिले. जाळे जवळजवळ गेले, दोन खोल ओरखडे राहिले, आणि मी ते राहू दिले. ८२ मायक्रॉनच्या फेंडरवर तर मी कंपाउंड लावलेच नाही. हाताने हलके पॉलिश केले आणि तिथल्या रेषा मान्य केल्या. शंभर टक्के निर्दोष रंग हा ज्यांना प्रदर्शनात गाडी उभी करायची आहे त्यांचा हट्ट आहे. जी गाडी दर रविवारी ताम्हिणीत जाणार आहे तिच्यासाठी क्लिअर शिल्लक असणे अधिक मोलाचे.

डाव्या मागच्या दाराने पुन्हा एकदा आश्चर्याचा धक्का दिला. बाकी सगळ्या गाडीवर पॉलिशिंगचा पांढरा पॅड पांढराच राहिला होता, कारण तो फक्त क्लिअरला स्पर्श करत होता. या दारावर पॅड टेकवल्यावर काही क्षणांत तो लाल झाला. म्हणजे दार रंगवणाऱ्याने वर क्लिअर मारलेलेच नव्हते. रंग हाच शेवटचा थर होता. तो लाल पॅड पाहून मला वडिलांची प्रीमिअर पद्मिनी आठवली. तिला रविवारी सकाळी वॅक्सपॉल लावले की फडक्यावर गाडीचा रंग उतरायचा, आणि आई ते फडके धुण्याच्या कपड्यांपासून लांब ठेवायची. त्या काळच्या बहुतेक गाड्यांवर असाच एकेरी रंग असे. असा रंग ऊन खाऊन कोरडा, खडूसारखा पडतो, आणि लाल असेल तर हळूहळू गुलाबीकडे झुकतो. माझे दार नेमके तसे दिसत होते.

अशा रंगावर कंपाउंड घासत बसण्याऐवजी त्याला तेल पाजणे श्रेयस्कर, हे जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांचे मत मी ऐकले होते. त्यासाठी मेग्वायर्सचे नंबर ७ शो कार ग्लेझ मागवले. मेग्वायर्स ही १९०१ साली लाकडी फर्निचरच्या पॉलिशपासून सुरू झालेली अमेरिकन कंपनी आहे, आणि नंबर ७ वापरताना ते फर्निचरचे मूळ लपत नाही. घट्ट, तेलकट, पुसायला जिवावर येणारे असे हे ग्लेझ आहे. दारावर सढळ हाताने लावून रात्रभर ठेवले, सकाळी टर्किश टॉवेलने पुसले, पुन्हा लावले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दार शेजारच्या दाराच्या इतके जवळ आले की स्टिकरची कडा जिथे थांबते ती जागा दाखवल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नव्हती. या सगळ्या उपद्व्यापात मला खऱ्या अर्थाने चकित करणारी वस्तू कोणती म्हणाल तर ही. मात्र ग्लेझ टिकत नाही. पहिल्या दोन-चार धुण्यांत ते निघून जाते, त्यामुळे त्यावर वॅक्सचे आवरण ताबडतोब हवे.

इथे वॅक्सच्या निवडीचा प्रश्न पहिल्यांदा खऱ्या स्वरूपात समोर आला. तोवर मी एकच सर्वोत्तम वॅक्स शोधत होते. आता कळले की क्लिअर असलेला बॉनेट आणि क्लिअर नसलेले दार यांच्या गरजा वेगळ्या आहेत.

कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवर साठणारे मेण आहे. ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे वनस्पतींच्या मेणांत ते फार कठीण गणले जाते, इतके की शुद्ध कार्नोबा विटेसारखे असते आणि ते गाडीला लावताच येत नाही. म्हणून प्रत्येक डब्यात त्याच्यासोबत द्रावक, तेले आणि मऊ मेणे मिसळलेली असतात. एखाद्या डब्यावर "शंभर टक्के कार्नोबा" असे लिहिलेले दिसले तर त्याचा अर्थ एवढाच की त्यात जे काही थोडे कार्नोबा आहे ते शुद्ध आहे. जाहिरातीचा असाच एक चलाख शब्द सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचे टिकाऊ पारदर्शक कवच, विकणाऱ्यांकडे आहे, तो म्हणजे "९ एच". शहरातल्या दोन-तीन स्टुडिओंमध्ये मला हा आकडा अशा थाटात सांगण्यात आला की जणू हिऱ्याच्या खालोखाल कठीणपणा आपण विकत घेत आहोत. ९ एच हा पेन्सिलच्या शिशाचा दर्जा आहे आणि ही चाचणी त्या शिशाने पृष्ठभागावर ओरखडा उठतो की नाही एवढेच पाहते. खनिजांच्या कठीणपणाच्या मापाशी तिचा संबंध नाही, आणि सोसायटीतल्या फडक्यातली वाळू पेन्सिलच्या शिशापेक्षा बरीच कठीण असते. चांगल्या हातांनी केलेले सिरॅमिक कोटिंग वाईट नसते. पण ज्या गाडीचा एक फेंडर ८२ मायक्रॉनवर आहे आणि एका दाराला क्लिअरच नाही, तिच्यावर पाच आकडी रक्कम खर्च करून वर्षानुवर्षांचे कवच चढवणे मला पटले नाही. वॅक्स उतरवता येते, मत बदलता येते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बॉनेटवर टेपच्या दोन रेषा मारून मी तीन भाग पाडले. पॉलिशचे तेलकट अंश निघून जावेत म्हणून पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तिन्ही भाग पुसून घेतले, आणि मग डावीकडे फॉर्म्युला १, मध्ये कॉलिनाइट, उजवीकडे टर्टल वॅक्सचा स्प्रे असे लावले.

फॉर्म्युला १ चा २३० ग्रॅमचा डबा आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक अॅक्सेसरीजच्या दुकानात असतो आणि तिघांत तो सर्वांत स्वस्त आहे. सोबत स्पंज येतो. लावण्याची युक्ती एकच: लोण्याने पोळी माखावी तसे नव्हे, तर तूप लावून लगेच पुसून काढल्यासारखे लावावे. पहिल्या वेळी मी जाड लावले आणि पुसताना हात दुखून आले. दुसऱ्या वेळी इतके पातळ लावले की लावले आहे की नाही हे तिरके होऊन पाहावे लागले, आणि तेव्हा ते एका हातात निघाले. काळ्या प्लॅस्टिकवर लागले तर पांढरा डाग राहतो, तेव्हा वायपरखालच्या जाळीला टेप लावून घ्यावी. दिसण्याच्या बाबतीत, लाल रंगावर कार्नोबाचा जो ओलसर, किंचित गडद परिणाम दिसतो त्याचे कौतुक मी खोटे समजत होते. ते पूर्ण खोटे नाही. पण घरातल्या तिघांना टेप काढल्यावर कोणता भाग अधिक चांगला दिसतो असे विचारले तेव्हा तिघांची तीन उत्तरे आली, आणि धाकट्या भावाने "टेप कशाला लावली होती?" असे विचारले. नीट पॉलिश केलेल्या रंगावर वॅक्सने पडणारा दृश्य फरक किती, याचे हे पुरेसे उत्तर आहे.

कॉलिनाइट ८४५ ही अमेरिकन बाटली आपल्याकडे ऑनलाइन मिळते आणि किमतीने पहिल्या डब्याच्या कितीतरी पट आहे. तिचे पूर्ण नाव इन्सुलेटर वॅक्स, कारण विजेच्या तारांच्या इन्सुलेटरांवर पाणी आणि घाण साचू नये म्हणून हे वॅक्स वापरले जात असे. कार्नोबा आणि कृत्रिम पॉलिमर यांचे हे मिश्रण असल्याने ते दोन्ही घरचे पाहुणे आहे. बाटली जोरात हलवावी लागते आणि थंडीत ते गोठल्यासारखे घट्ट होते. पुण्यात जानेवारीतल्या एका सकाळी मला ती कोमट पाण्याच्या पातेल्यात, खोबरेल तेलाची बाटली ठेवतो तशी ठेवावी लागली. पूर्ण गाडीला दोन चमचे पुरतात. थर धुरकट होईपर्यंत थांबून पुसावे, आणि दमट हवेत थोडे अधिक थांबावे. वास द्रावकाचा, उग्र. बंद गॅरेजमध्ये लावू नये.

टर्टल वॅक्सचा स्प्रे हा तिघांत सर्वांत सोपा. धुतलेल्या, कोरड्या पत्र्यावर फवारून एका मायक्रोफायबरने पसरवायचा, दुसऱ्याने पुसायचा, आणि एक दिवस पाणी लागू द्यायचे नाही. सिरॅमिक हा शब्द नावात असला तरी याला स्टुडिओतल्या कोटिंगचा भाऊ समजू नये. हे एक उत्तम कृत्रिम वॅक्स आहे असे समजून वापरले तर निराशा होत नाही. पाणी यावरून ज्या वेगाने पळते ते पाहण्यासाठी मी पहिल्या पावसात छत्री घेऊन खाली उभी होते, हे कबूल करते.

मग पाऊस सुरू झाला आणि खरी परीक्षा सुरू झाली. आमच्या पार्किंगवर जांभळाची एक फांदी झुकलेली आहे, आणि जूनमध्ये पक्षी त्या फांदीवर बसून काय करतात हे सांगायला नको. जांभळी विष्ठा आम्लयुक्त असते आणि मध्येच ऊन पडले की काही तासांत क्लिअरवर ठसा उमटवते. वॅक्सने हा ठसा टळत नाही, फक्त थोडी सवड मिळते. तिन्ही भागांवर सकाळची घाण संध्याकाळी ओल्या मायक्रोफायबरने निघाली. एकदा दोन दिवस गावाला गेले होते तेव्हाचा ठसा मात्र मधल्या भागावरही राहिला आणि पॉलिशनेच गेला. पाण्याचे थेंब गोल उभे राहणे हे वॅक्स जिवंत असल्याचे लक्षण मानले, तर कार्नोबाचा भाग जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सपाट पडू लागला, स्प्रेचा भाग ऑगस्टच्या अखेरीस, आणि कॉलिनाइटचा भाग दसऱ्यापर्यंत तग धरून होता. ही एका गाडीवरची, एका पावसाळ्यातली नोंद आहे. कार्नोबाचे आयुष्य काही आठवड्यांचे असणे हा त्याचा स्वभाव आहे, त्यात डब्याचा दोष नाही.

थेंबांविषयी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर आणि बोअरचे पाणी येते, आणि त्यात क्षार इतके की स्टीलच्या नळावर पांढरी साय धरते. अशा पाण्याने गाडी धुतली तर गोल थेंब जिथल्या तिथे सुकतात आणि प्रत्येक थेंबाच्या जागी एक पांढरे कडे राहते. म्हणजे ज्या गुणाचे आपण कौतुक करतो तोच एप्रिलमध्ये अवगुण होतो. उपाय सोपा आहे: सावलीत धुवावे आणि मोठ्या टॉवेलने लगेच टिपून घ्यावे, घासू नये.

या सगळ्यातून माझी व्यवस्था अशी ठरली. पावसाळ्याच्या आधी, ज्येष्ठात, क्लिअर असलेल्या सगळ्या पत्र्यावर कॉलिनाइटचे दोन हात. चाकांवर, दारांच्या आतल्या कडांवर आणि ८२ मायक्रॉनच्या फेंडरवर टर्टल वॅक्सचा स्प्रे. फेंडरवर अशासाठी की तिथे घासणे जितके कमी तितके बरे, आणि स्प्रे जवळजवळ न घासता लागतो. डाव्या मागच्या दारावर मात्र वर्षभर नंबर ७ आणि त्यावर फॉर्म्युला १, दर पाच-सहा आठवड्यांनी, वडिलांच्या पद्धतीने. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सगळ्या गाडीवरच कार्नोबाचा एक हात फिरवते, त्याला कारण फक्त हौस. रत्नागिरीला राहणाऱ्या माझ्या मामेभावाने खाऱ्या हवेसाठी सॉफ्ट९९ कंपनीचा फुसो कोट हा जपानी डबा पसंत केला आहे आणि तो समाधानी आहे. पण त्याची गाडी पांढरी, नवी आणि एकाच रंगाची आहे, त्यामुळे त्याचा सल्ला मी माझ्या गाडीला लावला नाही.

हेडलाइटचा विषय वॅक्सच्या परीक्षणात यावा की नाही याबद्दल मी साशंक होते, पण वॅक्सने हेडलाइट चकाकतात असा सल्ला इतका सर्रास दिला जातो की दोन ओळी लिहिणे आवश्यक आहे. पॉलिकार्बोनेटच्या काचेवरचे उन्हापासूनचे संरक्षक लेपन जळाले की ती पिवळी पडते. टूथपेस्टने किंवा पॉलिशने पिवळेपणा जातो आणि काही महिन्यांत परत येतो, कारण लेपन परत आलेले नसते. मी १०००, २००० आणि ३००० क्रमांकाचे ओले पॉलिश पेपर क्रमाने वापरले, कंपाउंडने पारदर्शकता आणली आणि वर उन्हात पक्का होणारा यूव्ही क्लिअर मारला. गाडीच्या वयातली पाच वर्षे तिथेच कमी झाली, बॉनेटवरच्या सगळ्या मेहनतीपेक्षा जास्त.

दुसरा ज्येष्ठ आता तोंडावर आहे. कॉलिनाइटची बाटली अजून पाऊण भरलेली आहे, फॉर्म्युला १ चा डबा त्या एका दारापायी तळाला गेला आहे, आणि त्या दारावर नंबर ७ पुसताना फडक्यावर अजूनही थोडा लाल रंग येतो. ते फडके मी धुण्याच्या कपड्यांपासून लांब ठेवते.